लेखांक ९ : रानकुत्र्याची शीळ, भुऱ्याचं भुंकणं

कारवान कुत्री पुढच्या आठवड्यात. मुधोळ संस्थान, सोलापूर-विजापूरकडचे माळ, २००५च्या जानेवारीत निघालेली टपाल तिकिटं, सगळं लिहून तयार आहे. पण मंगळवारी दिघोरीहून एक पत्र आलं आणि मी ते बाजूला ठेवू शकलो नाही. लाखांदूर तालुक्यातली ही दिघोरी, म्हणजे भंडारा जिल्ह्यातली दिघोरी मोठी, माझं आजोळ आहे. कुत्रं म्हणजे काय, हे मला पुस्तकांच्या कितीतरी आधी तिथल्या बांधीत कळलं.

पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला असा : “आमचा लाल्या हुबेहूब रानकुत्र्याच्या रंगाचा आहे. डुकराला अजिबात भीत नाही. गावात सगळे म्हणतात, त्याची माय जंगलात राहून आली होती, ही रानकुत्र्याचीच औलाद आहे. हे खरं असू शकतं का?” दुसरा प्रश्न त्यांच्या चार महिन्यांच्या पिल्लाचा आहे. ते अजून कोणावर भुंकत नाही, म्हणून ते काळजीत आहेत. त्याच्याकडे शेवटी येतो.

लाल्याबद्दलची ही समजूत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. झाडीपट्टीतल्या गावागावात एखादं तरी तांबूस, उभ्या कानाचं, धीट कुत्रं असतं आणि त्याच्या मागे ही कथा असते. नागझिरा आणि नवेगावबांधची जंगलं जवळ, त्यांत रानकुत्र्यांचे कळप, त्यामुळे कथा पटतेही लगेच. तरीही उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि ते का, हे सांगण्यात मला फार रस आहे.

आधी नुसतं पाहू. लाल्याचे कान टोकदार असतील, रानकुत्र्याचे वरून गोल असतात. लाल्याची शेपटी पाठीवर वळलेली असेल, रानकुत्र्याची झुपकेदार, खाली लोंबणारी आणि टोकाकडे काळी असते. तोंड उघडून पाहिलं तर फरक आणखी पक्का होतो. कुत्र्याला ४२ दात असतात, रानकुत्र्याला ४०. खालच्या जबड्यातली शेवटची दाढ त्याला दोन्ही बाजूंनी नसते. मादीला थानं कुत्रीपेक्षा जास्त असतात, बारा-चौदा, कधी सोळासुद्धा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमध्ये नोकरी करताना हा प्राणी पाहिला आणि १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे त्याचं वर्णन ठेवलं. त्यात त्याने मराठी नावही टिपलं, ‘कोळसून’. आपल्या भाषेतलं नाव शास्त्राच्या कागदांत गेलं याचा मला आजही आनंद होतो. दिघोरीकडे मात्र ‘रानकुत्रं’च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

नाव रान‘कुत्रं’ असलं तरी तो आपल्या कुत्र्याचा पूर्वज नाही आणि सख्खा भाऊही नाही. कुत्रं आलं लांडग्यापासून. लांडगा, कोल्हा आणि कुत्रं ही एका घरातली भावंडं. रानकुत्र्याची फांदी या घरापासून लाखो वर्षांपूर्वीच वेगळी झाली. गुणसूत्रं मोजली तर सगळ्यांची ७८च भरतात, पण नुसती संख्या जुळून पिल्लं होत नाहीत. लांडगा आणि कुत्रं यांची होतात. पुण्याजवळच्या माळरानात असा संकर झालेला प्राणी दिसला आणि जनुकांच्या तपासणीत तो सिद्धही झाला. रानकुत्रं आणि गावठी कुत्रं यांचं असं एकही खात्रीचं पिल्लू आजवर कोणाला मिळालेलं नाही. लाल्याचा रंग हा गावठी कुत्र्याचा अगदी जुना, स्वतःचा रंग आहे. तो कुठूनही उसना आणलेला नाही.

मग रानकुत्रं पाळून माणसाळेल का? पत्रात हे विचारलेलं नाही, पण दिघोरीच्या पारावर हा प्रश्न नक्की निघेल. ब्रायन हॉजसन हा नेपाळमधला इंग्रज रेसिडेंट एकोणिसाव्या शतकात काठमांडूत प्राणी बाळगून असायचा. त्याने रानकुत्री ठेवून पाहिली. दहा महिन्यांनीही ती तशीच बुजरी आणि अंगावर येणारी राहिली. अपवाद एकच, अगदी तान्हं असताना आणलेल्या पिल्लाचा. आज तर पाळण्याचा विषयच नाही. कायद्याने बंदी आहे आणि जगात प्रौढ रानकुत्री फार थोडी उरली आहेत. २०१५च्या आंतरराष्ट्रीय अंदाजात ९४९ ते २२१५ एवढाच आकडा होता.

पण मला खरा फरक वाटतो तो ताटातला. दिघोरी धानाचा मुलूख. तिथलं कुत्रं काय खातं? सकाळची पेज, रात्रीचा उरलेला भात, कनकी शिजवून त्यात थोडं वरणाचं पाणी. मटणाचं हाड वर्षातून किती वेळा मिळत असेल, मोजायला दोन्ही हातांची बोटं लागणार नाहीत. एवढ्यावर ते धडधाकट राहतं, रात्रभर जागतं, डुकरामागे धावतं. हे कसं जमतं, ते २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. पिष्ट पचवायला अमायलेज नावाचा पाचकरस लागतो. तो बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. पुढे असंही दिसलं की शेती करणाऱ्या लोकांच्या कुत्र्यांत प्रती जास्त, तर ऑस्ट्रेलियातला डिंगो, ज्याच्या वाट्याला शेतकऱ्याची चूल आलीच नाही, त्याच्यात लांडग्याइतक्याच. माणूस धान पिकवू लागला आणि त्याच्या ओसरीवरचं कुत्रं भात पचवू लागलं. पेजेच्या पातेल्याभोवती लुडबुडणारं पिल्लू पाहिलं की मला त्याच्या पोटातला हा सगळा इतिहास दिसतो. रानकुत्र्यापुढे हीच पेज ठेवली तर त्याचं पोट त्यावर चालणार नाही. त्याला चितळ लागतं, सांबर लागतं.

इथे थोडं थांबून ‘मुताची गोष्ट’ सांगतो, कारण दिघोरीचं पत्र आणि ही गोष्ट नाही असं होणार नाही. रानकुत्री शेपटीने मूत उडवून वाघाला आंधळा करतात आणि मग मारतात, हे मी मामाकडून ऐकलं, पुढे गोंदियाकडे ऐकलं, मध्य प्रदेशातही ऐकलं. डोळे जाण्याइतकं जालीम त्या मुतात काही नसतं. पण रानकुत्री एक गोष्ट खरोखर करतात. वाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे सगळा कळप ठरलेल्या जागी विष्ठा आणि मूत टाकतो. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी बंदीपूरच्या जंगलात सत्तरीच्या दशकात दोन वर्षं रानकुत्र्यांच्या मागे काढली. त्यांच्या नोंदींत या जागा वारंवार येतात. जंगलात रोज जाणाऱ्या माणसाला तो उग्र वास वाटेच्या नाक्यावरच भेटतो. दुसऱ्या दिवशी तिथेच पुढे एखादं चितळ फाडलेलं दिसतं. दोन्ही जोडून कथा झाली असावी, असं मला वाटतं.

आता डुकराकडे येऊ, कारण लाल्याच्या धिटाईचं खरं उत्तर तिथे आहे.

रानकुत्र्याची शिकार ऐकू येत नाही. कळप झाडोऱ्यात पसरतो, जनावर उठवतो, पळवतो, दमवतो आणि ते पडण्याआधीच खायला लागतो. आवाज होतो तो नंतर. पांगलेली मंडळी परत गोळा करायची असली की रानकुत्रं शीळ घालतं, अगदी माणसाने ओठांनी घालावी तशी. दाट रानात ती शीळ कुठून आली ते कळपातल्याला बरोबर कळतं. ती हाक फक्त आपल्यांसाठी असते. किरण पुरंदरे यांच्यासारख्या, नागझिऱ्यात शेकडो दिवस राहिलेल्या माणसाला या रानाची भाषा कळत असेल. मी तिथे रानकुत्र्यांची शीळ दोनदाच ऐकली आहे. दोन्ही वेळा पक्षी समजून वर पाहिलं.

गावठी कुत्र्याची डुकराची शिकार याच्या अगदी उलटी. मामाच्या तरुणपणी, म्हणजे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधी, गावातली दहा-पंधरा माणसं हाका घालायला निघत. बरोबर सहा-सात कुत्री. मामा सांगायचा की त्यात सगळ्यांचं काम सारखं नसे. एखादं नाकाने वास काढणारं, एखादं उठलेल्या डुकरामागे तुफान पळणारं. पण गावात मान असे तो अडवणाऱ्याला. अडवणारं कुत्रं डुकराला मारायला जात नाही. एकट्याने मारता येणारही नाही. सुळ्याचा एक झटका बसला की आतडी बाहेर. ते डुकराच्या पुढे होतं, मागे होतं, मांडीला चावा घेतं, सुटतं, पुन्हा तोंडासमोर येतं. डुक्कर वैतागून झुडपाला पाठ लावून उभं राहतं. आणि मग हे कुत्रं तिथेच, हाताच्या अंतरावर, उभं राहून भुंकत राहतं. माणूस येईपर्यंत भुंकतं.

मामाला अर्ध्या मैलावरून कळायचं. पळतं भुंकणं बारीक, तुटक, सरकत जाणारं असतं. अडवलेलं भुंकणं जाड असतं, एका जागचं असतं आणि त्यात मध्ये थांबणं नसतं. “आता धरलन,” असं म्हणून मंडळी धावत सुटायची.

लेखांक ४मध्ये आपण आतकूरच्या शिलालेखातलं काळी नावाचं कुत्रं पाहिलं होतं. शके ८७२, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळातलं. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेराला, माग काय हवं ते, असं म्हटल्यावर त्याने गाव मागितलं नाही, हे कुत्रं मागितलं. पुढे झुंजीत डुक्कर आणि कुत्रं दोघंही मेली, कुत्र्याचा दगड उभा राहिला आणि पूजेसाठी जमीन लावून दिली गेली. तेव्हा लिहिताना माझं लक्ष त्या कुत्र्याच्या शौर्याकडे होतं. दिघोरीचं पत्र वाचून वाटलं, मणलेराला हवं होतं ते अडवणारं कुत्रं. जे कुत्रं डुकराजवळ उभं राहून धन्याला बोलावतं, त्याच्यासाठीच कोणी दगड उभारील.

लाल्या डुकराला भीत नाही, त्याचं कारण हे आहे. त्याच्यात रानकुत्र्याचं रक्त नाही. त्याला ठाऊक आहे की आपण भुंकलो की माणूस येतो.

हीच गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी, नव्हे कानांनी, अनुभवली ती शिकारीत नाही, पुंजण्यापाशी. दिवाळीनंतर धान कापून झालं की बांधीत पुंजणं रचून ठेवतात. चुरणी होईपर्यंत रात्री कोणीतरी जागलीला हवं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. तणसाची लहानशी झोपडी, पुढे शेकोटी, मामा, मी आणि भुऱ्या. भुऱ्या म्हणजे पांढुरका-तांबडा, डाव्या बगलेखाली वीतभर जुना व्रण असलेला. तो व्रण डुकराच्या सुळ्याचा. मामीने गोधडीच्या सुईने शिवून हळद भरली होती, असं सगळे सांगायचे. व्रणावर केस कधी आलेच नाहीत. रात्री तो माझ्या पायाशी झोपायचा आणि माझा अंगठा त्या गुळगुळीत जागेवरून फिरत राहायचा.

मध्यरात्री भुऱ्या उठला आणि भुंकायला लागला. मी घाबरून उठलो. मामाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. “डुकरं हायेत. बोडीच्या पाळीवून चालले.” थोड्या वेळाने भुऱ्याचा आवाज बदलला. “गेले.” आणखी एका रात्री भुऱ्या भुंकला तेव्हा मामा लगेच उठून बसला आणि ओरडला, “कोन आहे?” खरोखरच माणूस होता. शेजारच्या शेतातला, विडी पेटवायला विस्तव मागायला आलेला. मी विचारलं, तुला कसं कळलं? मामा म्हणाला, “थो सांगते न बाबू. थो उगाच नाही भुकत.”

मामाला जे येत होतं ते बुडापेस्टच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली तपासून पाहिलं. त्यांनी मुदी नावाच्या हंगेरियन धनगरी कुत्र्यांचं भुंकणं वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं. दाराशी अनोळखी माणूस आला तेव्हाचं, एकटं बांधून ठेवलं तेव्हाचं, फिरायला न्यायची तयारी दिसली तेव्हाचं, खेळतानाचं. मग ते लोकांना ऐकवलं. काहींकडे मुदी कुत्री होती, काहींकडे दुसरी, काहींनी आयुष्यात कुत्रं पाळलं नव्हतं. तिन्ही गटांना प्रसंग ओळखता आला. नुसत्या अंदाजाने जितका आला असता त्यापेक्षा बराच जास्त. ज्यांनी कुत्रं पाळलं नव्हतं तेही फार मागे पडले नाहीत.

यातलं मोल लक्षात यावं म्हणून लांडगा आठवा. मोठा झालेला लांडगा क्वचितच भुंकतो. धोका दिसला तर थोडकं, तुटक भुंकून गप्प होतो. त्याचं बोलणं म्हणजे कोल्हेकुईसारखी लांब हाक, तीही दुसऱ्या लांडग्यांसाठी. हजारो वर्षं माणसाजवळ राहून कुत्र्याने जे कमावलं ते हे भुंकणं. ते मुख्यतः आपल्याला ऐकवायला आहे, असं मला ठामपणे वाटतं. रानात डुक्कर अडवून भुंकणारं कुत्रं आणि ओसरीवर पाहुण्याला भुंकणारं कुत्रं यांना आपण शिकारी आणि राखणदार अशी दोन नावं देतो. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर काम एकच आहे. काहीतरी आलं आहे, मी त्याच्यासमोर उभा आहे, तुम्ही या.

म्हणूनच त्याचं न भुंकणंही ऐकावं लागतं. त्याच हिवाळ्यात एका रात्री भुऱ्या भुंकला नाही. तो झोपडीत आला, शेपूट पोटाखाली घालून, आणि माझ्या वाकळीत शिरला. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. मामाने एक शब्दही न बोलता शेकोटीत दोन मोठी लाकडं टाकली आणि सकाळपर्यंत बसून राहिला. उजाडल्यावर बांधीच्या ओल्या मातीत बिबटाचे ठसे मिळाले, झोपडीपासून वीस पावलांवर. बिबटापुढे कुत्रं कधी कधी भुंकत नाही, ते त्याच्या हिताचंच असतं. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. उसाच्या त्या मुलखात बिबट्याचं मुख्य अन्न कुत्रंच होतं. दिघोरीकडेही पहाटे कुत्रं नाहीसं झालं की लोक नदीच्या बाजूला पाहतात.

पत्रलेखकांना एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. लाल्याला डुकरामागे सोडू नका. आजच्या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. वन्यप्राण्याचा पाठलाग करणं आणि त्याला हाकणंही शिकारीतच धरलं आहे. पीक नासणाऱ्या डुकरासाठी वनखात्याकडे अर्ज करायचा रस्ता आहे, तो कितीही लांबचा वाटला तरी तोच आहे. बांधावर उभं राहून लाल्या भुंकला आणि डुकरं फिरली, एवढं पुरेसं आहे आणि ते त्याला उत्तम येतं.

दुसरं, लाल्याला आणि पिल्लाला लस टोचून घ्या. रेबीजची तर घ्याच, डिस्टेंपरचीही घ्या. डिस्टेंपर कुत्र्याकडून रानात जातो. १९९४ साली आफ्रिकेच्या सेरेंगेटीत त्याने सुमारे एक हजार सिंह मारले. नागझिऱ्याच्या कडेची मोकाट कुत्री चितळामागे जंगलात शिरतात, तेव्हा रानकुत्र्यांच्या कळपाला सगळ्यात मोठी भीती त्यांच्या दातांची नसते. ती या रोगाची असते.

आणि या रोगावरून एक पिल्लू आठवतं. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला १९१४ साली एक जुनी कबर सापडली, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याचं पिल्लू. तेव्हा शेती कुठेच नव्हती, सगळे शिकारीच होते. २०१८ साली त्या पिल्लाचे दात पुन्हा तपासले तेव्हा दातांच्या वाढीत पडलेल्या रेघांवरून दिसलं की ते साडेचार महिन्यांचं असताना आजारी पडलं होतं, बहुधा डिस्टेंपरनेच. नंतर पुन्हा पडलं, पुन्हा पडलं, आणि सातव्या महिन्यात गेलं. इतका आजार होऊन एवढे आठवडे जगायचं तर कोणीतरी त्याला उबेत ठेवलं असणार, भरवलं असणार, पुसलं असणार. शिकारीला ते कधी गेलंच नव्हतं. तरी त्याला माणसांच्या शेजारी निजवलं.

आता दिघोरीचं चार महिन्यांचं पिल्लू. ते खेळताना भुंकतं का, भूक लागली की भुंकतं का, हे आधी पाहा. तसं असेल तर आवाजात काही खोट नाही. परक्यावर भुंकायला कुत्र्याला आधी आपलं कोण हे कळावं लागतं आणि ते उमगायला सहा-आठ महिने जातात, कधी वर्षही. त्याला मारून, डिवचून भुंकायला लावू नका, तसं कुत्रं पुढे सगळ्यांवरच भुंकतं आणि मग त्याचं कोणी ऐकत नाही. रात्री लाल्याजवळ झोपू द्या. लाल्या उठला की ते उठेल, लाल्या ज्या दिशेला पाहील तिकडे पाहील. ज्या रात्री ते पहिल्यांदा भुंकेल, त्या रात्री थंडी असली तरी वाकळीतून उठून बाहेर या आणि त्याला काय दिसलं ते पाहा.

पुढच्या आठवड्यात कारवान.